वामनरावांचं ॲप-स्वयंवर

मंडळी, आख्यान लावण्याआधी एक प्रश्न विचारतो. सोपा आहे, घाबरू नका. ज्याला जगातलं सगळं कळतं, सगळं म्हणजे अगदी सगळं, त्याला काय कळत नाही?

हं? बघा, गप्प! मघाशी भजनाला टाळ्या कशा जोरात होत्या! प्रश्न विचारला की सभामंडपात एवढी शांतता पसरते की पेटीवाल्या नानांचा श्वाससुद्धा सुरात ऐकू येतो.

असू द्या. उत्तर माझ्याजवळही तयार नाही. गोष्ट आहे. ऐका.

स्वयंवराची आख्यानं तुम्ही पुष्कळ ऐकलीत. राजे जमतात, धनुष्य उचलतात, कुणाला उचलत नाही, सगळं तुम्हाला पाठ. आज मी नवं स्वयंवर सांगतो. ह्यात वधू नाही, वर नाही, हत्तीघोडे नाहीत. ह्यात आहेत एक वामनराव सांगवेकर आणि अकरा ॲप!

हसा, हसा. पुढे हसायला मिळेलच असं नाही.

वामनराव कोण? जमीन मोजणी खात्यातले निवृत्त मोजणीदार. चौतीस वर्षं शेतं मोजली. एकदा मोजून समाधान नाही! दुसऱ्यांदा मोजणार, तिसऱ्यांदा मोजणार, मग म्हणणार, "हं, बांध बरोबर आहे." तोवर बांधावर उभे असलेले दोन्ही भाऊ भांडून, दमून, एकाच झाडाखाली भाकरी खायला बसलेले! असा काटेकोर माणूस. वाईट नाही हो. सुपारीचं व्यसन नाही, कुणाला उणा शब्द नाही. पण काटेकोर.

त्यांची पत्नी शालिनीबाई. मुलगी ऋजुता, ती इंदूरला. घरात दोघंच. एक बोलायची आणि एक...? एक "हं" म्हणायचे.

तर ह्या ऋजुताने वडिलांना वाढदिवसाला नवा मोबाईल पाठवला. मोठ्ठा पडदा, अक्षरं टपोरी. फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही वीस ठिकाणी जाऊन बातम्या वाचता, त्यापेक्षा फीड रीडर घ्या."

"ते काय असतं?"

"एक ॲप असतं. तुम्हाला आवडणारी वर्तमानपत्रं, मासिकं, हवामान, जे काय हवं ते त्यात एकदा नोंदवायचं. कुठेही नवं काही छापून आलं की ते आपोआप एका जागी येऊन पडतं. तुम्ही फक्त वाचायचं."

वामनरावांचे डोळे चमकले! जगातली बातमी आपल्या दारात, रांगेत, हात जोडून उभी! ते म्हणाले, "कोणतं घेऊ?"

पोरगी म्हणाली, "कोणतंही घ्या हो."

कोणतंही! अहो, चौतीस वर्षं ज्याने एक बांध तीनदा मोजला त्याला सांगता, कोणतंही घ्या? मंडळी, त्या एका शब्दाने पुढचं रामायण घडलं.

वामनरावांनी दुकान उघडलं, मोबाईलमधलं. शोधलं. अकरा ॲप उतरवली. वही काढली, पट्टी काढली, रेघा मारल्या. अक्षराचा आकार. जोडाक्षर फुटतं की नाही. रेंज नसताना वाचता येतं का. काळी पार्श्वभूमी आहे का. जाहिरात मध्येच उडी मारते का. अशा दहा गोष्टी, प्रत्येकीला दहापैकी गुण! नावं इंग्रजी, ती काही लक्षात राहीनात, म्हणून चित्रावरून ओळख ठेवली. हे कोंबडावालं, हे लाटावालं, हे निळ्या डब्याचं, हे चष्मा घातलेल्या माशाचं...

आता तुम्ही म्हणाल, बुवा, ह्यात वाईट काय? काहीही नाही! माझ्याच मोबाईलमध्ये पंचांगाची सात ॲप आहेत. सातांत एकादशी दोन वेगवेगळ्या दिवशी येते, आणि मी दोन्ही दिवशी साबुदाणा खातो. मी कुणाला शिकवणार?

पण ऐका. सोमवारची सकाळ. वामनराव झोपाळ्यावर, वही मांडीवर, मोबाईल हातात. शालिनीबाई स्वयंपाकघरातून आल्या.

"अहो, ऐकलंत का? डाव्या डोळ्यापुढे मधूनच वीज चमकल्यासारखं होतंय."

"हं."

"पहाटेपासून दोनदा झालं."

"ह्या माशाच्या ॲपला रात्रीचा मोड आहे," वामनराव म्हणाले. "डोळ्यांना त्रास होत नाही."

शालिनीबाई दूध उतू जाईल म्हणून आत गेल्या.

मंगळवार. "अहो, आज डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतायत. चिलटं उडावीत तसे. हाताने वारते तर जात नाहीत."

"हं. 'क्ष' फुटतोय."

"काय?"

"कोंबड्यामध्ये 'क्ष' नीट येतो. लाटांमध्ये फुटतोय. दोन गुण गेले!"

बघा मंडळी! पृथ्वीच्या पाठीवर कुठल्याशा देशात बसून कुणी केलेल्या ॲपात 'क्ष' फुटला, हे ह्या माणसाला दिसलं. तीन हातांवर उभी असलेली बायको हवेत हात मारतेय, ते दिसलं नाही. आणि डोळे कुणाचे बिघडलेले? बाईचे!

बुधवारी शालिनीबाई म्हणाल्या, "डाव्या अंगाने पडदा आल्यासारखा वाटतोय. खालून वर सरकतोय."

वामनराव मान वर न करता म्हणाले, "पडदा? सेटिंगमध्ये जा. तिथे उजेड वाढवता येतो."

हसताय? हसा. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. मग ज्यांनी सांगितलं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गप्प झालो. सांगत होत्या स्वतः शालिनीबाई.

त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या डोळ्याचा हो. दुपारी डॉक्टरांकडे जाऊ या का?"

"गुरुवारी जाऊ. आज निकाल लावायचाय."

आणि लागला निकाल! गुरुवारी दुपारी वामनरावांनी बेरजा केल्या, तीनदा केल्या, आणि कोंबडावाल्या ॲपच्या गळ्यात माळ घातली. एकोणनव्वद गुण! बाकीची दहा पुसून टाकली. मग त्यात सदतीस ठिकाणं नोंदवली. शेती, हवामान, अर्थकारण, दक्षिण ध्रुवावरचं संशोधन... आणि आरोग्यसुद्धा. त्या नादात गुरुवार मावळला. डॉक्टर राहिले. बाईंनीही पुन्हा विषय काढला नाही. का काढला नाही? अहो, तीन दिवस भिंतीशी बोलल्यावर चौथ्या दिवशी माणूस भिंतीलाही त्रास देत नाही.

नाना, जरा सूर धरा. एक ओळ म्हणतो. ही कुठल्या संतांची नाही बरं का, माझीच आहे. चुकली तर माझ्याच माथी मारा.

जगाच्या वार्तेला लाविली चाळणी,
घरातील वाणी ऐकेचिना!

उजाडला शुक्रवार. ॲप उघडलं. आहाहा! सदतीस दारांतून बातम्या आत आल्या होत्या, ओळीने, शिस्तीत. वामनराव तृप्त! एवढे तृप्त की एकट्याने वाचवेना. शालिनीबाई जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. पान देठापासून खुडायला डोळ्याजवळ धरत होत्या, पण ते सोडून देऊ.

"अगं, ऐक, ऐक! काय उपयोगी माहिती आहे बघ. मोठ्याने वाचतो." चष्मा वर सरकवला. "डोळ्याचा पडदा सुटण्याची लक्षणं. एक, डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं होणं."

मेथी निवडणारा हात थांबला.

"दोन, काळे ठिपके तरंगताना दिसणं. तीन, एका बाजूने पडदा सरकत आल्याचा भास. असं झाल्यास एक दिवसही न दवडता डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं, अन्यथा दृष्टी... बघ! माणसाला हे माहीत पाहिजे. आपल्यात किती जणांना माहीत असतं सांग बरं?"

शालिनीबाई म्हणाल्या, "मला माहीत आहे. सोमवारपासून मी तुम्हाला हेच वाचून दाखवतेय."

नाना, थांबवा पेटी.

मंडळी, आवाज चढवला नाही त्या बाईने. रडली नाही. एवढंच वाक्य. वामनरावांनी मोबाईलकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. पुन्हा मोबाईलकडे. तीनदा मोजायची सवय ना! पण ह्या वेळी तिन्ही मोजण्या एकच आल्या. झोपाळ्यावरून उठले ते इतक्या घाईने की झोपाळा मागून येऊन पोटरीला लागला. म्हणाले, "चल."

"मेथी..."

"मेथी राहू दे. शालू, चल."

शालू! किती वर्षांनी म्हणाले, ते त्यांनाही आठवत नव्हतं.

शेजारच्यांची गाडी मागितली, जिल्ह्याच्या गावी गेले. वाटेत वामनराव एक हात बाईंच्या मनगटावर ठेवून बसले होते, नाडी बघितल्यासारखे. डोळ्यांच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होत्या, शेफाली इनामदार. त्यांनी थेंब घातले, बाहुली मोठी होईपर्यंत बसवलं, दिवा लावून वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पडदा सुटलाय आजी. मध्यभागापर्यंत आलाय. कधीपासून होतंय?"

"सोमवारपासून."

"सोमवार!" डॉक्टरीणबाईंनी दिवा बाजूला केला. "मंगळवारी आला असतात तर मध्यभाग वाचला असता. घरात कुणाला सांगितलं नाहीत?"

आता ऐका. कान इकडे द्या. शालिनीबाई काय म्हणाल्या असतील? तुम्ही असता तर काय म्हणाला असता? माझी खात्री आहे, काही जणी इथे आत्ताच मनात पदर खोचून तयार आहेत!

शालिनीबाई म्हणाल्या, "नाही हो. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मी कुणाला बोललेच नाही."

झाकलं! चार दिवस ज्याने झिडकारलं, त्याला त्या बाईने डॉक्टरांसमोर पदराआड घेतलं.

वामनराव शेजारच्या स्टुलावर बसले होते. गप्प राहिले असते तरी कुणाला कळलं नसतं. डॉक्टरीणबाई लिहायला लागल्याच होत्या. आणि ते उभे राहिले. शाळेत चूक कबूल करायला उभे राहतात ना, तसे.

"खोटं बोलतेय ती, डॉक्टर. तिने सांगितलं. रोज सांगितलं. मी घरातच होतो. मी ऐकलं नाही."

डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "बसा काका. उद्या सकाळी ऑपरेशन करू."

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायू भरून पडदा जागेवर चिकटवला. आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "दहा दिवस तोंड खाली. जेवायला, धुवायला उठायचं तेवढंच. बाकी उपडं झोपायचं. मान वर केलीत तर पडदा पुन्हा सुटेल."

दहा दिवस! बाई खाटेवर उपड्या, तोंड खाटेच्या कडेला, नजर फरशीवर. माणसाचं तोंड दिसणार नाही. मग वामनराव काय करतील? त्यांनी सतरंजी घेतली, खाटेच्या कडेखाली अंथरली आणि त्यावर उताणे झोपले! म्हणजे बाईंच्या चांगल्या डोळ्याला नवऱ्याचं तोंड दिसावं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गाडीखाली शिरलेल्या मिस्त्रीसारखा!

"काही वाचून दाखवू का?" त्यांनी विचारलं.

"नको. मीच सांगते. ऐकणार?"

"सांग."

आणि बाईंनी बातम्या सांगायला सुरुवात केली. "माझी मैत्रीण गोदा गेली, दिवाळीच्या आधी."

"गोदा? कधी? मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, नंतर वाचतो."

वामनरावांनी डोळे मिटले.

"ऋजुताची नोकरी गेली फेब्रुवारीत. दोन महिने घरी होती पोर."

"आणि मी काय म्हणालो?"

"छान म्हणालात."

मंडळी, दहा दिवस बातम्या चालल्या. दोन वर्षांच्या साठल्या होत्या ना! काही ऐकून ते हसले. काही ऐकून त्यांनी मान फिरवली, तर बाई म्हणायच्या, "इकडे बघा. मला खालीच बघायचंय, तुम्हीच दिसायला हवेत." पाचव्या दिवशी त्यांनी खालूनच इंदूरला फोन लावला आणि मुलीला म्हणाले, "तुझी नोकरी गेली होती, मला आज कळलं." पलीकडून पोरगी म्हणाली, "बाबा, आता मिळालीय दुसरी. पण सांगते सगळं. वेळ आहे तुम्हाला?"

डोळा वाचला. पुरता नाही. खोटं कशाला सांगू? डाव्या डोळ्याला दाराची चौकट वाकडी दिसते. सुईत दोरा ओवता येत नाही, तो वामनराव ओवून देतात.

आणि ॲप? मला ठाऊक आहे, तुम्हाला तेच विचारायचंय. फेकून दिलं असेल, शपथ घेतली असेल, नाही का? काही नाही! आहे अजून. अहो, त्या बिचाऱ्या ॲपचा काय दोष? सबंध घरात वेळेवर बोलणारं आणि ऐकलं जाणारं तेच तर एक होतं! त्याने सांगितलं म्हणून उरला तेवढा डोळा उरला.

मग चुकलं काय? हे मी सांगणार नाही. मी कीर्तनकार, लोक मला ऐकायला येतात आणि घरी जाऊन म्हणतात, बुवा सुंदर बोलले. काय बोलले? ते आठवत नाही!

तेव्हा आज जरा वेगळं करू. तो तिसऱ्या खांबापाशी बसलेला गृहस्थ, मान खाली घालून बसलाय, मला वाटलं नामस्मरण चाललंय, पण चेहऱ्यावर निळा उजेड पडलाय हो! भल्या माणसा, तुला एकट्यालाच विचारत नाही. सगळ्यांना विचारतो. आज सकाळी घरातल्या माणसाने तुम्हाला काय सांगितलं? शब्द आठवतात? तुमच्या आईने? सुनेने? नवऱ्याने? की नुसतं "हं" आठवतंय, आणि तेही स्वतःचंच?

ज्यांना आठवतं त्यांना माझा नमस्कार. ज्यांना आठवत नाही, त्यांचं ते माणूस बहुतेक इथेच बसलंय, चार हातांवर. आरतीला अजून घटका अवकाश आहे. उठा, त्याच्याजवळ जाऊन बसा, विचारा, "सकाळी काय म्हणत होतास?" आणि विचारून झाल्यावर, देवाशप्पथ, तोंड बंद ठेवा.

नाना, पेटी मिटा. तबलाही राहू द्या. देव इतकी वर्षं आपलं ऐकत उभाच आहे, आणखी घटकाभर उभा राहील.

बोला मंडळी. माझ्याशी नको, एकमेकांशी बोला.