हॅलोरनची पाटी

ड्रायरची घंटी वाजली आणि ओहायोतल्या आमच्या लाँड्रीतली शांतता मोडली. माझ्या लेकीचे, इवाचे चिमुकले मोजे जोडीला लावत मी बसले होते. समोरच्या बाकावर म्हातारी लोर्ना, शेजारी तिचा भाऊ ड्वेन, हातात प्रचाराची पाटी घेऊन.

"लोर्ना, मंगळवारी मतदान. तुझ्या अंगणात आपल्या खासदार हॅलोरनची पाटी रोवू ना?"

"आधी सांग, सरकारच्या कर्जाची मर्यादा वाढवायची होती, नाहीतर आमच्या पेन्शनी थांबणार होत्या, तेव्हा त्याचं मत काय पडलं?"

"नाही! ठणकावून नाही."

"आणि त्याच्याच पक्षाचा राष्ट्राध्यक्ष होता तेव्हा?"

"तेव्हा तीनदा हो. पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"असणारच. घरच्याने काढलं की ते कर्ज नसतं, गुंतवणूक असते."

"अगं, या वेळी तो तत्त्वाला जागला."

"जागला? टीव्हीवर बघितलं की मी. ठराव पास होण्याइतकी मतं दुसऱ्यांनी टाकेपर्यंत गडी खिशात हात घालून उभा. मग ऐटीत नाहीचं बटण दाबलं!"

"झाला ना पास? तुझी सरकारी पेन्शन आली ना वेळेवर?"

"आली. पण माझं इन्सुलिन त्याच पैशांतून येतं, ड्वेन. पेन्शन थांबली तर काय, म्हणून पंधरा दिवस अर्धंच टोचत होते."

"मला नाही बोललीस?"

"तू पाट्या वाटत होतास ना."

ड्वेन पाटीच्या काड्या चाचपत राहिला. इवाने माझी बाही ओढली.

"आई, सगळेच खिशात हात घालून उभे राहिले असते तर?"