मिशीसकट घेतलेलं माप

— ठेवा की, दाढी ठेवा, मी कुठे काढा म्हणतेय? शोभते तुम्हाला. मी एवढंच म्हणतेय, ठेवायची तर शेवटपर्यंत ठेवा आणि काढायची तर आत्ता काढा, मास्कचं माप द्यायच्या आधी — मधेच लहर फिरली तर चालायचं नाही. मास्कसाठीच आलाय ना आज? ओळखलंच मी, नवीन माणूस दारावरची पाटी दोनदा वाचतो. काही दुखत नाही हो. जाळीचं प्लास्टिक असतं, गरम पाण्यातून काढतात, तोंडावर दाबून बसवतात, गार झालं की कडक — झाला तुमचा मास्क. मग रोज तोच चढवायचा आणि टेबलाला अडकवून टाकायचं, म्हणजे डोकं केसभरही हलायला नको. आत बोलता येत नाही. आमचे हे आत आहेत ना, लग्नानंतर एवढी शांतता मला पहिल्यांदाच मिळतेय. वेळ लागतो जरा — मशीन एक आणि खोल्या तीन, वरच्या मजल्यावर नळ सोडला की खालची धार बंद, तसं आहे इथे. पाळी आली की त्या खोलीत मशीनचा किरण येतो.

हे गाडी शिकवायचे. निम्म्या गावाला यांनीच शिकवली — आरसा बघा, आरसा बघा — घरात कपाट सरकवतानासुद्धा मला, मागचं बघून सरकव. आणि एक दिवस स्वतःच आमच्या फाटकाला गाडीची डावी बाजू घासून आले. मी हसले. पोटभर हसले, मास्तर नापास म्हटलं. काही दिवसांनी पुन्हा तीच बाजू, तेच फाटक — तेव्हा नाही हसले. डाव्या डोळ्यामागे गाठ निघाली, डोळ्याच्या नसेला खेटून. साधे किरण म्हणे गाठीतून आरपार जातात, वाटेत येईल त्याला भाजत. हे प्रोटॉन म्हणजे समंजस पाहुणा — जिथवर बोलावलं तिथवर येणार आणि तिथेच थांबणार. गाठ जळेल, नस वाचेल. वाचेल म्हणजे — वाचावी. डॉक्टरीणबाई 'प्रयत्न करू' म्हणाल्यात, आणि त्या उगाच गोड बोलणाऱ्यातल्या नाहीत.

तर मिशी. तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. यांना मिशी होती — होती म्हणजे काय, आधी मिशी घरात यायची आणि मागून हे. शिकवलेलं कुणी परीक्षेत पास झालं की मिशीला पीळ. लग्न झाल्या झाल्या मी म्हटलं होतं, एकदा काढून दाखवा, खाली कोण आहे ते तरी कळू दे. ऐकतात कुठले! आणि इथे मास्क तयार, स्कॅन झालं, सगळं आखून झालं, आणि पहिल्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून बाहेर आले तर — सफाचट. म्हणे, तुला बघायचं होतं ना? आणि मला तुझं तोंड बघायचं होतं, तू बघशील तेव्हाचं — दोन्ही डोळ्यांनी. मी म्हटलं, चला, उशीर होतोय.

इथे मास्क चढवला तर ओठावर पोकळी. माप मिशीसकट घेतलेलं, आणि मिशी घरी बेसिनमध्ये. मास्क चढवणारी मुलगी आधी हसली, मग गंभीर झाली — डोकं तेवढंसं हललं तरी किरण थांबायचा तिथे थांबणार नाही. पुन्हा मास्क, पुन्हा स्कॅन, पुन्हा वाट बघणं. मिशीही गेली आणि मुहूर्तही गेला. आता संपेपर्यंत वाढवायची नाही असा हुकूम आहे, म्हणून रोज सकाळी मीच दाढी करते त्यांची, डाव्या बाजूचं त्यांना नीट दिसत नाही. कसे दिसतात म्हणता? छान दिसतात हो. त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना म्हणते, सोललेला बटाटा दिसता, हे संपलं की आधी मिशी वाढवा. वाढायला वेळ लागतो ना मिशीला — लागू दे. वर्ष लागू दे, दोन वर्षं लागू देत, मला कुठे घाई आहे —

— दार उघडलं. गप्प बसा आता, हलू नका. तुम्हाला या कोपऱ्यात शेजारी का बसवून घेतलं वाटतं? मी रोज जागा बदलते. हे बाहेर येतात, चांगल्या डोळ्यावर हात ठेवतात आणि मला शोधतात — हाक मारायची नाही, हात करायचा नाही, असं ठरलंय आमचं. काल सापडले मी. परवा त्या खांबाजवळच्या बाईंना जाऊन 'चला' म्हणाले, त्यांचे यजमान केवढे हसले. मीही हसले. हसायलाच लागतं. आले बघा, गालावर अजून जाळी उमटलेली आहे. ठेवला हात. तिकडे नाही हो ... खिडकीत कशाला बसेन मी ... इकडे वळले. नजर पुढे गेली. नाही दिसले. तुमची दाढी आड येतेय का? जरा मागे व्हा — जरा — थांबा, थांबा. हात वर गेला. ओठाकडे. बघा, नसलेल्या मिशीला पीळ देतायत.

उठा तुम्ही. ती खुर्ची त्यांची आहे.