शटलवरचा लाल ठिपका

शिलाई मशीन दुरुस्तीला द्यायच्या आधी मी तिच्या शटलला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावते. जुनं, चांगलं शटल काढून डुप्लिकेट बसवणारे सोलापुरात लई हायत की! परवा मशीन घरी आणली, तर टाके सुटायला लागले. उघडून बघितलं, ठिपका गायब. तशीच दुरुस्तीवाल्याच्या दुकानात गेले.

"माझं शटल दे."

"मावशी, बसवलंय तेच तुमचं."

"माझ्या शटलवर लाल ठिपका हाय. खण उघड!"

त्यानं कुरकुरत खण ओढला. आत सात-आठ शटलं, सगळ्यांवर ठिपके! लाल, गुलाबी, जांभळे. ही युक्ती गल्लीतल्या बायकांना मीच शिकवलेली.

तो घाम पुसत म्हणाला, "तुमचं तेवढं ओळखून घ्या."

मी पदर पसरला. "सगळीच टाक हितं. घरोघरी मी पोचवते, आन् कुटं सापडली तेबी सांगते."