कबुतरांवर आळ

लवूबुवा : तुझी काकी फाईल घेऊन दवाखान्यात गेलीय. पाऊण तास तरी येत नाय. आणलंस काय?

निलेश : बुवा, आधी नाकातली नळी नीट करा. एका बाजूने निघालीय.

लवूबुवा : नळी जाऊ दे. मी विचारलं काय, तू बोलतोस काय.

निलेश : परवा मशीन दोनवर होतं ना? आज तीन दिसतंय.

लवूबुवा : डॉक्टरने वाढवायला सांगितलं. निलेश, चौदा वर्षं माझ्या पेटीशेजारी पखवाज घेऊन बसतोस. भजनात माझा श्वास कुठे तुटणार, ते माझ्याआधी तुला कळतं. मग एवढं कळू नये? दोन झुरके. मशीन बंद करतो. खिडकीत बसतो.

निलेश : खिडकी आहे कुठे? काकींनी जाळी मारून वर प्लास्टिक ठोकलंय. कबुतराचं पीससुद्धा आत येऊ नये म्हणून.

लवूबुवा : मग संडासात ओढतो.

निलेश : ऐकताय का स्वतःला? तेरा दिवस हॉस्पिटलात काढून आलात. घरात ऑक्सिजनचं मशीन. ते लावायला आलेला माणूस बजावून गेलाय, शेजारी काडीसुद्धा पेटवू नका. आणि तुम्हाला व्हेप पाहिजे.

लवूबुवा : व्हेप म्हणू नको, पेन म्हण. भिंती पातळ आहेत.

निलेश : बुवा, आयसीयूच्या बाहेर काकी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. काय म्हणाल्या माहितीय? म्हणाल्या, निलेश, तू होतास म्हणून ह्यांची बिडी तरी सुटली, नाहीतर आज माणूस हाताला लागला नसता. माझे आभार मानत होत्या. मला तिथेच गाडून घ्यावंसं वाटलं.

लवूबुवा : खोटं काय बोलली? सुटलीच ना बिडी. गाऱ्हाण्यात बिडीच म्हटली होती.

निलेश : परत तेच.

लवूबुवा : तेच. देवासमोर नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, आजपासून बिडी वर्ज्य. पाळलं मी. आणि आठव्या दिवशी पेन माझ्या हातात कोणी ठेवलं? बुवा, ही बिडी नाय, धूर नाय, नुसती वाफ. देवळात बसलात तरी कोणाला वास येणार नाय. कोण म्हणालं?

निलेश : मीच म्हणालो.

लवूबुवा : मग.

निलेश : तुमचा हात पेटीवर थरथरत होता. घाटकोपरची भजनाची बारी चार दिवसांवर आली होती, समोरचे बुवा तयारीचे. मला वाटलं, बिडीपेक्षा बरं. ऑफिसात केयूर छातीठोक सांगायचा, नव्वद टक्के सेफ आहे यार. उरलेले दहा टक्के कुठे जातात, ते मी विचारलंच नाही. सरकारने बंदी घातलेली वस्तू. तरी दोन वर्षं, दर पंधरा दिवसांनी, पवईहून डब्याच्या पिशवीत घालून मीच आणत होतो. रात्री डोळा लागला की तुमचा खोकला ऐकू येतो मला. माझ्या घरी, भांडुपला.

लवूबुवा : तू उगाच जीव जाळू नको, झिला. आणलंस तू, ओढलं मी. मी काय पाळण्यातलं पोर होतो? साठी उलटलेला माणूस. माझी छाती, माझी मर्जी. तुझ्यावर दोष नाय.

निलेश : तुमची मर्जी.

लवूबुवा : माझी.

निलेश : मग काल शेजारच्या शकुताईंनी गयेचे पैसे आणून दिले, ते का घेतले?

लवूबुवा : तुझ्या काकीने, सुलक्षणाने घेतले. मी झोपलो होतो.

निलेश : डोळे मिटले होते. झोपला नव्हता. मी समोरच बसलो होतो, बुवा.

लवूबुवा : बघत होतास?

निलेश : बघत होतो. विहारातल्या महिला मंडळाबरोबर जानेवारीत बोधगयेला जायचं, म्हणून त्या बाईने दोन वर्षं जमवलेले पैसे. नाव काढून घेतलं आणि तुमच्या बिलाला दिले. का, तर माझ्या दाण्यांनी शेजाऱ्याची छाती गेली म्हणून. खाली नोटीस बोर्डावर त्यांचं नाव लागलंय, कबुतरांना दाणे टाकणारी म्हणून. लिफ्टमध्ये कोणी बोलत नाही त्यांच्याशी. आणि जिन्यात काकी त्यांना काय बोलल्या, ते ऐकलंत?

लवूबुवा : ऐकलं.

निलेश : "तुमच्या पुण्यापायी माझं कुंकू पुसायची वेळ आली." नवरा जाऊन वर्ष झालं नाही, त्या बाईला.

लवूबुवा : कबुतरं काय मी म्हटलं? डॉक्टर म्हणाला.

निलेश : डॉक्टर म्हणाला, कबुतरं असू शकतील. कारण त्याने तीनदा विचारलं, बिडी, सिगारेट, व्हेप, काही? आणि तुम्ही तीनदा मान हलवलीत. मी शेजारी उभा. मी पण तोंड शिवून. उद्या घशातून नळी घालून फुप्फुसाचा तुकडा काढणार आहेत. मी डॉक्टर नाही. असतीलही कबुतरं. पण अर्धी गोष्ट सांगून तुकडा काढायला द्यायचा?

लवूबुवा : आणि तिला कळलं तर?

निलेश : काकींना?

लवूबुवा : नारळ तिने ठेवला होता, निलेश. माझी बिडी सुटावी म्हणून सोळा सोमवार तिने केले. दिवाळीत घरात आंब्याचा वास यायला लागला. तुझ्या त्या पेनाचा. तर बिचारीने कपाटं हुडकली. म्हणाली, आंबावडी कोणी लपवली? मी हसलो. पेटीच्या गवसणीत पेन, मी पेटीवर हात ठेवून बसलेला, आणि तिला हसतोय. ते हसू आता छातीत अडकल्यासारखं झालंय. सगळं सांगेन, पण ते कसं सांगू?

निलेश : तेच आधी सांगा.

लवूबुवा : सांगतो. उद्याचं एकदा पार पडू दे. आता दे. खिशात आहे ना? हात सारखा तिथेच जातोय तुझा.

निलेश : येताना तीनदा ठरवलं, नाल्यात टाकीन. तीनदा पुलावर थांबलो.

लवूबुवा : दे, मेल्या. मी मागतोय.

निलेश : तुम्ही मागितलंत की मला नाही म्हणता येत नाही, तीच तर सगळी वाट लागलीय.

शकु : येऊ का, भाऊ? दार लोटलेलंच आहे.

लवूबुवा : या, वहिनी. या.

शकु : सुलक्षणाला खाली रिक्षात बसताना पाहिलं, म्हणून आले. ती असती तर आले नसते. तिला त्रास होतो माझ्याकडं बघून. पेज आणलीय उकड्या तांदळाची. तिनंच शिकवली होती मागं, पण तिच्यासारखी काही जमली नाही. निलेश, बाळा, वाटी घे की जरा आतून.

निलेश : आणतो, ताई.

शकु : उद्या किती वाजता निघायचं? मी पण येणार आहे.

लवूबुवा : तुम्ही कशाला?

शकु : डॉक्टरला सांगायला. हा बघा, कागद लिहून काढलाय. किती महिने दाणे टाकले, दिवसाला किती वाट्या ज्वारी, माझी खिडकी तुमच्या खिडकीपासून किती हात. टेप लावून मोजलं. तुम्हाला काय नीट सांगता येणार? म्हणलं, जिनं केलंय तिनंच जाऊन सांगावं. औषध नेमकं मिळेल मग.

लवूबुवा : वहिनी…

शकु : पेज घ्या ना. मीठ कमी आहे का?

लवूबुवा : घास उतरत नाय.

शकु : महिना झाला दाणे बंद केले मी. शप्पत सांगते, एक कण टाकला नाही. सकाळी येतात, काचेवर चोच मारतात. मी नळ सोडून भांडी घासत बसते, ऐकू येऊ नये म्हणून. घासलेलीच परत घासते. धम्मपाल पुण्याहून फोनवर रागावतो, आई, तुला कोणी सांगितलं होतं? त्याचं खरं आहे. तुम्ही नि हे एका पाळीला कारखान्यात जायचे, एका डब्यात जेवायचे, आणि माझ्या हातून तुमचंच असं व्हावं. काय तोंड दाखवू मी ह्यांच्या फोटोला?

निलेश : ताई, बसा जरा. मला काहीतरी सांगायचंय. ते ऐकून मला काय वाटेल ते बोला.

लवूबुवा : तू थांब.

निलेश : नाही बुवा, आता नाही थांबणार.

लवूबुवा : थांब म्हटलं ना. तू सांगितलंस तर ते तुझं होईल. माझं आहे ते. वहिनी, खुर्ची पुढे घ्या. माका मोठ्याने बोलवत नाय.

शकु : काय झालं, भाऊ?

लवूबुवा : मी बिडी सोडली, ते खरं. पण दोन वर्षं मी दुसरं ओढत होतो. बॅटरीवरचं. आंब्याच्या वासाचं. सुलक्षणाला ठाऊक नाय. डॉक्टरला ठाऊक नाय. त्याने विचारलं, मी नाय म्हटलं.

शकु : म्हणजे कबुतरं नव्हती?

लवूबुवा : माहीत नाय. असतील थोडी. डॉक्टर सांगेल. पण मी खोटं बोललो, म्हणून सगळे तुमच्या खिडकीकडे बघायला लागले. आळ तुमच्यावर आला आणि मी येऊ दिला. अजून एक आहे. तेही सांगतो, नायतर आजचं पण अर्धंच होईल. बोर्डावर तुमचं नाव लागलं, ते सुलक्षणाने येऊन सांगितलं. तेव्हा माका बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. शिवदासच्या बायकोचं नाव, आणि माका बरं वाटलं.

निलेश : आणून देणारा मी, ताई. हे बघा. आजसुद्धा आणलंय.

(निलेश खिशातलं व्हेप काढून स्टुलावर, पेजेच्या वाटीशेजारी ठेवतो. कोणी हात लावत नाही.)

शकु : एवढंसं?

निलेश : एवढंसंच.

शकु : माझ्या शाळेतल्या पोरांच्या दप्तरात असलं सापडलं होतं एकदा. मी शिपाई, मला वाटलं शाईचं पेन. धुवून परत दिलं होतं.

लवूबुवा : बोला वहिनी. शिव्या द्या. काय ते बोला.

शकु : काय बोलू? महिनाभर मी स्वतःला जे बोलले, त्यातलं आता काही उरलं नाही तुम्हाला द्यायला. राग आला नाही असं नाही, भाऊ. लई आलाय. तुमच्या ह्या मशीनकडं बघून गिळतेय.

निलेश : माझ्यावर काढा, ताई.

शकु : तुझ्यावर कुठल्या तोंडानं काढू? ह्यांच्या गालाला तंबाखूनं भोक पडलं होतं. पाणी प्यायले की गालातून बाहेर. डॉक्टर म्हणाले, आता एक चिमूट नको. आणि हे सकाळी हात पुढं करायचे. बोलता यायचं नाही, नुसता हात. शेवटच्या महिन्यातसुद्धा मी खाली जाऊन पुडी आणली. रोज. धम्मपालला अजून माहीत नाही.

निलेश : ताई…

शकु : माझ्या तळहातावरनं चिमूट भरायचे. ते गेले, आणि सकाळ झाली की हात रिकामा. काय करावं कळेना. खिडकीत कबुतरं यायची, ह्यांना पडल्या पडल्या बघायला आवडायची. मग त्यांना द्यायला लागले. लोकांना वाटलं, बाई पुण्य करतेय. मी कधी नाही म्हणलं नाही.

लवूबुवा : शिवदास कधी बोलला नाय, तुम्ही आणून देता म्हणून.

शकु : कसे बोलतील? त्यांना पाहिजे होती ना. तुम्ही तरी बोललात का कुणाला, निलेश आणून देतो म्हणून?

निलेश : ताई, तुमचे गयेचे पैसे मी देणार. ह्या महिन्यातच.

लवूबुवा : तू मध्ये पडू नको. ते माझे. तू दिलेस तर परत माझं ओझं तुझ्याच पाठीवर.

शकु : पैशाचं नंतर. उद्या मी येतेच. हा कागद पण नेते. कबुतरांचं मी सांगेन, ओढलेलं तुम्ही सांगा, आणलेलं हा सांगेल. कुणाचं किती, ते डॉक्टरला ठरवू दे. आपण वाटून घ्यायला बसलो तर रात्र होईल.

निलेश : आणि हे? ह्याचं काय करू?

शकु : असू दे तिथंच. सुलक्षणाला दिसायला पाहिजे. नुसतं ऐकून तिला खरं वाटणार नाही, तुमच्यावर तिचा फार विश्वास आहे.

लवूबुवा : तेच तर, वहिनी. तेच तर.

शकु : आली वाटतं. जिन्यात चपला वाजतायत. महिनाभर हा आवाज आला की मी दार लावून घेते. चला, उठते मी.

लवूबुवा : उठू नका. पाया पडतो, आज उठू नका. तिला सांगायचंय ते तुमच्यासमोर सांगायचंय. तुम्ही नसाल तर मी परत कबुतरांवर जाईन.

शकु : बरं. बसते.

लवूबुवा : निलेश, दार उघड.

शकु : आणि भाऊ, तोवर दोन घास खाऊन घ्या. बोलायला श्वास पुरायला हवा.