नोंदणी टेबलाखालचा डबा

मी, वय ४७ वर्षे, व्यवसाय नोकरी (रुग्णालयाचा संगणक विभाग), राहणार रुग्णालयामागील कर्मचारी वसाहत, दुसरा मजला. रुग्णालयात मला सगळे 'वायरवाले' म्हणतात. मी स्वतःहून ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगतो की,

रुग्णांच्या फोनवर जाणारे निरोप आमच्या निरोप-यंत्रणेतून जातात. कुठल्याही संगणकावरून तिच्याकडे विनंती येते, यंत्रणा ती रांगेत लावते आणि पुढे पाठवते. गेल्या मंगळवारी दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी चौदा रुग्णांना 'उद्याची शस्त्रक्रिया रद्द' असा खोटा निरोप गेला. त्यामुळे भरती व्हायला न आलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा त्रास त्याच रात्री घरी वाढला. आता त्या सुखरूप आहेत.

विनंती कुठल्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे कुठल्या संगणकाच्या क्रमांकावरून आली, असे ठाण्याच्या साहेबांनी विचारले. मी दहा मिनिटांत यंत्रणेच्या नोंदवहीतून तो काढून दिला. पत्ता नोंदणी कक्षातला निघाला. तिथे नोंदणीच्या ताई एकट्या बसतात. त्यांना आज सकाळी ठाण्यात आणले. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मला ते आवडले, हेही लिहून घ्यावे.

ताई मला म्हणाल्या, "वायरवाले, मी नावं लिहिते आणि खोली दाखवते. तुम्हीच सांगा ना यांना." मी मान खाली घातली. मग त्या हवालदारांना म्हणाल्या, "टेबलाखालच्या त्या डब्याची तेवढी गरम हवा येते हो पायांना. बाकी मला काही कळत नाही."

तो डबा म्हणजे जोडणीचा एक छोटा संगणक, आणि तो माझा आहे. सहा वर्षांपूर्वी रुग्णालयाबाहेरून येणाऱ्या सगळ्या विनंत्या आत घेण्यासाठी मीच तो तिथे ठेवला, कारण प्लग फक्त तिथेच मोकळा होता. तेव्हापासून बाहेरची प्रत्येक विनंती यंत्रणेला त्या डब्याकडूनच आलेली दिसते. मूळ पाठवणाऱ्याचा पत्ता डबा विनंतीच्या माथ्यावर वेगळ्या ओळीत लिहून देतो. ती ओळ यंत्रणेच्या नोंदवहीत घ्यायची व्यवस्था मी केली नव्हती. करू करू म्हणत राहून गेली आणि पुढे डबाच विसरलो.

ताईंच्या बोलण्याने तो आठवला आणि मी लगेच रुग्णालयात गेलो. ताईंच्या चपला बाजूला सारून टेबलाखाली बसलो. डबा स्वतःची नोंद महिनाभर ठेवतो. त्यात मंगळवारी ४ वाजून १२ मिनिटांसमोर मूळ पत्ता होता. तो रुग्णालयातला नव्हता.

मंगळवारी मी तापाने घरी होतो. पडल्या पडल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्याच्या निरोपाचा नवा मसुदा तपासत होतो. जिथून निरोप कुणालाच जात नाहीत त्या चाचणीच्या यंत्रणेवर आहोत अशी माझी समजूत होती. बायको म्हणाली होती, "अंग भाजतंय, ठेवा ते आता." मी एक शेवटचे बटण दाबले आणि गोळी घेऊन झोपलो.

टेबलाखालूनच मी बायकोला फोन लावला आणि घरच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता वाचायला सांगितला. तिने आकडे वाचले. मी पुन्हा वाचायला लावले. ती म्हणाली, "अहो, झालंय काय?" आकडे डब्यातल्या पत्त्याशी तंतोतंत जुळत होते; मी नोंद छापून घेतली आणि परत ठाण्यात आलो.

तो निरोप मी पाठवला. माझा हेतू वाईट नव्हता, पण हेतू तर ताईंचाही कुणी विचारला नव्हता. डब्याची नोंद सोबत जोडली आहे.

वरील मजकूर मी सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे. तो मला वाचून दाखवला, खरा आहे. ताई सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. त्यांनाही तो वाचून दाखवावा. मी समोर उभा राहीन.