बेल्टचा दिवा

गोराईच्या बोटीसाठी रांग लागली होती. वनमालाच्या पुढे दोघं उभे होते. एकाच्या बोटांना वायरच्या टेपचा काळा चिकटा होता. ती खाडीकडे बघत होती, कान मात्र त्यांच्याकडेच होते.

"झालं ना रे लेस्टर, डॅडींच्या गाडीच्या मीटरचं काम?"

"झालं, क्रिस. मागच्या सगळ्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या. एकेक जोडली. काटे हलतात, दिवे लागतात."

"सगळे?"

"सीटबेल्टचा सोडून. चावी फिरवली की लागतो, मग मी बेल्ट न लावताच विझतो."

"शॉर्ट असेल कुठे."

"मलापण तेच वाटलं. मग ड्रायव्हरच्या सीटकडे बघितलं, तर बेल्ट लावलेला. सीटच्या पाठीला ताणून, नुसता अडकवलेला."

"डॅडी तसाच लावायचे. अंगावर नको आणि दिवापण नको. अपघातात गेले तेव्हाही तसाच होता रे."

"माहितेय. त्यांना बाहेर काढायला मीच होतो ना."

"आज तूच अडकवला असशील, टेस्टिंगला."

"मी कशाला? मला दिवा पेटलेला बघायचा होता. दोनदा सोडवला, यार. वळून बघतो तर परत तसाच."

बोट धक्क्याला लागली. रांग पुढे सरकली, ते दोघं जागचे हलले नाहीत.

"गाडी गॅरेजमध्येच आहे ना?"

"नाय रे. तुझी बहीण टिना आली न्यायला. रोडने गेली, उत्तनवरून."

"बेल्ट लावला तिने?"

"सुटतच नव्हता. खूप ओढला तिने. मग हसून म्हणाली, जाऊ दे, दिवा तर विझलेलाच आहे."