बटण सोडायला शिकवणारे किसनमामा

राम राम मंडळी. किसनमामा गेले, त्यायच्यावर माझ्या आधी सरपंच बोलले, शाळेतले गुरुजी बोलले. त्यायला बोलायची सवय हाय. मला भजे तळायची सवय हाय. हातात झारा असला की मी कुणालाबी ऐकत न्हाई, पण हा माईक आज पयल्यांदाच हातात आलाय. चुकलं माकलं सांभाळून घ्या.

मामी समोर बसल्यात. मामी, सकाळी तुमी म्हणल्या, "सुमन, रडू नको, बोल. त्यायला बोललेलं आवडायचं." म्हणून उभी राहिले.

किसनमामा नात्यानं माझे कुणी न्हाईत. ते सगळ्या गावाचेच मामा. उभी हयात जहाजावर वायरलेसचं यंत्र सांभाळलं अन् म्हातारपणी आपल्या गावाला परत आले. लोक हसायचे. समुद्राचा माणूस हळदीच्या रानात काय करील? मामा म्हणायचे, "पाणी पाणीच असतं रे. समुद्र म्हणा नाहीतर धरण, बुडणाऱ्याला सारखंच."

तवा आपला जिल्हा नवा नवा झालता. धरणावर सुट्टीचे पाहुणे येऊ लागले होते. हिंगोलीहून यायचे, नांदेडहून यायचे. आमच्या ह्यांनी फायबरची नाव घेतली, इंजनाची. पाहुण्यायला चक्कर मारून आणायची अन् मी काठावर भजे-चहा करायची, असं आमचं ठरलं. आमचं बघून आणखी दोघा-तिघांनी नावा आणल्या. मामांची तर आपली एक होतीच, साळुंकी नावाची. फिरायला म्हणून ठेवलेली.

अन् मामांनी सगळ्यायला एकत्र बसवलं. म्हणले, "परवाने काढा."

आता मोटार चालवाया लायसन लागतं हे सगळ्यायला ठाऊक. पण मामा म्हणले, नावेचा एक, वायरलेसच्या यंत्राचा एक, अन् त्या यंत्रावर जो बोलणार त्याचा एक. लोक भडकले. आमचे हे तर उठूनच उभे राहिले. "मामा, तोंड देवानं दिलं. बोलायला लायसन काहून?"

मामा काय म्हणले माहीत हाय? म्हणले, "गणपत, त्या वाटेवर एका टायमाला एकच आवाज चालतो. तू उगाच बडबडत बसलास तर तिकडं कुणी वाचवा म्हणून राहिला, त्याचा आवाज मरतो."

कचेरीतला एक भला माणूस बी म्हणला, "काका, तळ्यातल्या नावेला एवढं कोण विचारतंय?" मामा म्हणले, "साहेब न्हाई विचारणार. पाणी विचारल."

दोन कागद सरकारातून आले. लई हेलपाटे झाले, पण मामा दर खेपेला सोबत. ना कधी चिडले, ना कधी तकलीफ म्हणले. तिसऱ्याची परीक्षा मामांनी स्वतः घ्यायची ठरवलं. म्हणले, "जहाजावर जशी असते तशी घेईन. पास होईस्तोवर यंत्राला हात न्हाई."

पण नावेच्या कागदात आमच्या ह्यांनी एक घोळ करून ठेवला होता. अर्जात नावेचं नाव लिहायचं होतं, तिथं त्यांनी स्वतःचंच लिहिलं. गणपत. ट्रॉलीवर मालकाचं नाव लिहितात ना, तसं. तोच कागद मंजूर होऊन आला. झालं! आमची नाव सरकारदरबारी गणपत.

हसा, हसा. मामा बी लई हसले होते.

पण माझी पंचाईत झाली की. काठावर यंत्राशी बसणार कोण? मी. हाक मारताना नावेचं नाव घ्यायचं, ते बी तीनदा. अन् नावेचं नाव म्हणजे माझ्या मालकाचं नाव! लग्न झाल्यापासून मी ते उखाण्याबिगर तोंडातून काढलं नव्हतं. अन् शेजारच्या स्टुलावर रोज आत्याबाई बसलेल्या, माझ्या सासूबाई. त्यायच्या पुढ्यात मी काय गणपत, गणपत, गणपत करू?

परीक्षेच्या दिवशी मामा पल्ल्याड नावेत बसले, यंत्र घेऊन. मी बटण दाबलं.  अन् मी काय केलं, सांगते. म्हणले:

"धरणाच्या काठावर भज्यांचा घाणा,
गणपतरावांचं नाव घेते, ऐकू येतं का म्हणा."

सगळा काठ हसून लोळला. यंत्रातून मामांचा आवाज आला, "उखाणा झकास हाय पोरी. पण बुडणारा माणूस यमक जुळायची वाट बघत न्हाई. नापास."

मी म्हणले, "मामा, अहो म्हणून हाक मारते की."

मामा म्हणले, "सगळ्या धरणात एकच अहो हाय का? अहो म्हणलीस तर सगळ्या नावा वळतील."

तवापासून मी नापासच. पण मामांनी मला हाकललं न्हाई. म्हणले, ऐकायला तरी बस, ऐकायला नाव घ्यावं लागत न्हाई. अन् ऐकायचं कसं ते त्यांनी शिकवलं. यंत्राचं बटण दाबलं की आपला आवाज जातो, पण दुसऱ्याचा येत न्हाई. बोलून झालं की ओव्हर म्हणायचं, म्हणजे माझं झालं, आता तू बोल. अन् बटण सोडायचं. लोकायचं तिथंच चुकायचं. बटण दाबून धरायचे अन् ओरडायचे, कुणी उत्तर काहून देऊन न्हाई राहिलं? मामा मला म्हणायचे, "सुमन, निम्म्या जगाचं भांडण हेच हाय. बटण सोडत न्हाईत."

अन् त्यायची दुसरी एक रीत होती. जहाजावरची. दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं कुणीच बोलायचं न्हाई. नुसतं ऐकायचं. कुणाचा बारीक आवाज गोंधळात दबला असला तर तो तवा ऐकू यावा म्हणून. ती येळ झाली की मामा काठावर येऊन ओठावर बोट ठेवायचे. पाहुणे हसायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "बाई, चहाला बी शांतता लागते का?" मी म्हणायची, "व्हय, लागते."

आता त्या दिवसाचं सांगते. आमचे हे आज जिते हायत ते त्या दिवसामुळं. ते बघा, मागं खांबापाशी बसलेत, खाली मान घालून.

उन्हाळा होता. एक नवं जोडपं अन् त्यायचे पाहुणे, असे सगळे ह्यांच्या नावेत गेले. दुपार कलली अन् वावटळ सुटली. धुळीनं पल्ल्याडचा काठ दिसंना. काठावर ही बोंबाबोंब. कुणी छत्री धरून राहिला, कुणी लेकरू शोधून राहिला. यंत्रावर बी सगळे एकदमच बोलून राहिले. तेवढ्यात ती शांत राहायची येळ झाली. मामा साळुंकी घेऊन धरणातल्या मधल्या टेकाडामागं गेलेले, ओठावर बोट ठेवायला काठावर कुणी न्हाई. पण यंत्रावर मामांचा आवाज आला, "आता ऐका." अन् मंडळी, वादळात बी सगळे नावाडी गप झाले. रीत पडली होती ना.

त्या शांततेत मला ह्यायचा आवाज आला. लई बारीक. "इंजन बंद पडलं... नाव झाडांकडं चालली..."

झाडं म्हणजे बुडीतातली. जुनं रान पाण्याखाली गेलं, त्यातली बाभळीची वठलेली खोडं. तिथं फायबरची नाव आपटली तर काय राहतं? अन् ह्यायला पोहता येतं, पण पाहुण्यायला कुठं येत होतं? नवरीच्या तर अंगावर शालू.

मी बटण दाबलं अन् तोंडातून निघालं, "अहो! अहो!"

यंत्रातून एक नावाडी म्हणला, "कोण अहो?" दुसरा म्हणला, "मला म्हणून राहिल्या का वैनी?"

 नाव जिभेवर होतं, पण सुटंना. तेवढ्यात शेजारून आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडालेला, त्याची बी शुद्ध न्हाई. म्हणल्या, "घे की गं नाव! म्या ठेवलंय ते! म्या सांगून राहिले, घे!"

अन् मी घेतलं. "गणपत! गणपत! गणपत! काठावरून सुमन बोलून राहिले. दोराचा दगड टाका. सगळ्यायला जाकिटं बांधा." अन् लगेच, "साळुंकी, साळुंकी, साळुंकी. गणपत झाडांकडं चालली. इंजन बंद." अन् बटण सोडलं.

मामांचा आवाज आला, "निघालो."

एवढंच. माझ्या जन्मात त्याच्याहून गोड शब्द मी ऐकला न्हाई.

दोराला बांधलेल्या दगडानं नाव झाडांच्या अलीकडं धरली. मामांनी साळुंकी भिडवली, दोर बांधला अन् ओढत काठाला आणली. सगळे उतरले. नवरी बी, नवरदेव बी, अन् आमचे हे बी. आत्याबाईंनी लेकाला पोटाशी धरलं, मंग एक थोबाडीत दिली. मामा ओलेचिंब. मी पाया पडायला वाकले तर म्हणले, "नाव घेतलंस, बटण येळेवर सोडलंस. पास झालीस." अन् चहाची कपबशी हातात घेता घेता म्हणले, "शेवटी ओव्हर म्हणायचं तेवढं राहिलं."

मंडळी, आता हातोहाती मोबाईल झाले. ते यंत्र बंद पडून लई दिवस झाले. आज मी ते घरून आणलंय, फोटोच्या शेजारी ठेवलंय. मामा, तुमचे उपकार कसे सांगू? माझं कपाळ भरलेलं हाय ते तुमच्यामुळं. माझ्या लेकरायला बाप हाय. अन् माझ्या तोंडात माझ्या माणसाचं नाव हाय, ते बी तुमच्यामुळं. आता मी त्यायला घरात बी गणपतराव म्हणते. आत्याबाई होत्या तोवर हसायच्या.

आता उभं राहून शांत व्हायचंय. आपुन गेलेल्या माणसासाठी शांत राहतो. मामा जित्यायसाठी राहायचे. तर आज त्यायच्या रीतीनं राहू. मान खाली घालू नका, कान उघडे ठेवा. आपल्यात कुणी हळू आवाजात हाक मारून राहिलं असल, शेजारचं असल, घरातलं असल. ऐका.

त्याच्या आधी मला एक राहिलेलं काम करू द्या.

साळुंकी, साळुंकी, साळुंकी. काठावरून सुमन बोलून राहिले. सगळे सुखरूप हायत, मामा.

ओव्हर.